संस्थेची रीत आणि संस्थेचा रस्ता

(धाड येथे संस्थेच्या वार्षिक समारंभात एका शिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणासाठी मला जो विषय नेमून देण्यात आला आहे तो कागदावर फार भारदस्त दिसतो: ‘शैक्षणिक संस्थांतील संघटनात्मक संस्कृती व व्यूहात्मक व्यवस्थापन’. हे शब्द मोठमोठ्या कारखान्यांतून आणि व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांतून आपल्याकडे आले आहेत. परंतु त्यांच्यामागची गोष्ट आपल्या परिचयाची आहे. प्रत्येक घराला एक रीत असते, आणि प्रत्येक घरधन्याच्या मनात पुढच्या चार-पाच वर्षांचा एक हिशेब असतो. विहीर कधी खोदायची, मुलीचे लग्न कधी करायचे, मुलाला कुठे शिकवायचे आणि त्यासाठी यंदा कोणता खर्च पुढे ढकलायचा, हे तो ठरवीत असतो. संस्थेचेही तसेच आहे. संस्थेची रीत म्हणजे तिची संस्कृती आणि तिने ठरविलेला रस्ता म्हणजे तिची व्यूहरचना. आजच्या भाषणात मी हेच दोन साधे शब्द वापरणार आहे.

रीत ओळखायची कशी? तपासणीला साहेब आलेले नसताना शाळा ज्या पद्धतीने चालते, ती तिची रीत होय. घंटा वेळेवर होते काय, शिक्षक रजेवर असला तर त्याचा तास कोण घेतो, गरीब पालक कार्यालयाच्या दारात आला तर त्याला बसायला सांगतात की उभेच ठेवतात, चंदा दिलेल्या माणसाला पावती मिळते की नुसते आभार मिळतात, या बारीकसारीक गोष्टींतून रीत दिसते. ती भिंतीवरच्या सुविचारांत दिसत नाही. आणि रस्ता ओळखायचा कसा? ‘तीन वर्षांनी तुमची शाळा कुठे असेल?’ असा प्रश्न संस्थेच्या पाच माणसांना वेगवेगळा विचारावा. पाचही उत्तरे जुळली तर रस्ता ठरलेला आहे. पाच माणसांकडून पाच उत्तरे आली, तर गाडी चालू आहे पण कुठे चालली आहे हे कुणालाच ठाऊक नाही, असे समजावे.

या विषयाची आपल्या समाजाला आज विशेष गरज आहे, असे मला वाटते. २००१ च्या जनगणनेत देशातील मुसलमानांचे साक्षरतेचे प्रमाण ५९.१ टक्के होते आणि देशाची सरासरी सुमारे ६५ टक्के होती. महाराष्ट्रात मात्र चित्र निराळे होते. येथे मुसलमानांची साक्षरता राज्याच्या सरासरीहून किंचित अधिक भरली होती. म्हणजे आपल्या राज्यात मूल शाळेच्या दारापर्यंत येते. प्रश्न पुढचा आहे. न्यायमूर्ती सच्चर समितीने २००६ साली दाखवून दिले की, देशात ६ ते १४ वयोगटातील चारपैकी एक मुसलमान मूल एकतर शाळेत कधी गेलेच नव्हते किंवा मध्येच शाळा सोडून गेले होते. जे मूल दारापर्यंत आले आणि परत गेले, त्याची जबाबदारी कुणाची? गरिबीची आहे, परिस्थितीची आहे, हे खरेच. परंतु शाळा चालविणाऱ्या संस्थेची काहीच नाही, असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

आता एखादी संस्था नुसत्या रीतीवर आणि ठरविलेल्या रस्त्यावर किती पुढे जाऊ शकते, याचे आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण पाहू. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. भाऊरावांजवळ तेव्हा ना इस्टेट होती ना मोठे पद. किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांच्या काचकारखान्याचा माल विकण्याच्या निमित्ताने ते खेडोपाडी हिंडले होते. त्यामुळे खेड्यातला मुलगा का शिकत नाही हे त्यांना पुस्तकातून समजून घ्यावे लागले नाही. त्याच्या गावात शाळा नाही, आणि जेथे शाळा आहे तेथे त्याला राहायला-खायला ठिकाण नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

म्हणून त्यांनी पहिले पाऊल कोणते टाकले ते पाहा. त्यांनी भव्य इमारत बांधली नाही, की हायस्कूलही काढले नाही. त्यांनी वसतिगृह काढले. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले आणि १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव देण्यात आले. मुले राहू लागली, शिकू लागली, आणि मग प्रश्न आला शिक्षकांचा. तेव्हा १९३५ साली प्राथमिक शिक्षक तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज निघाले. तेथून तयार झालेले शिक्षक खेड्यांतल्या शाळांवर गेले. १९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले, आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज. आधी राहण्याची सोय, मग शिक्षक, मग गावोगाव शाळा, मग हायस्कूल, मग कॉलेज. प्रत्येक पायरी पुढच्या पायरीचा भार सोसण्याइतकी पक्की झाल्यावरच पुढचे पाऊल पडले. यालाच व्यूहरचना म्हणतात. काले गावी पहिल्याच वर्षी कॉलेजची पाटी लावली असती, तर ती पाटी पाच वर्षांत गंजून गेली असती.

आणि रीत? त्या वसतिगृहात हिंदू, मुसलमान, दलित मुले एकत्र राहत व एका पंक्तीत जेवत. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. मुले स्वयंपाकाची, शेतीची, बांधकामाची कामे स्वतः करीत. ‘कमवा आणि शिका’ हे वाक्य आज आपण सहज बोलतो, पण ते तेथे रोज सकाळी कुदळ हातात घेऊन आचरले जात होते. मुलांच्या अन्नासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, एवढेच नव्हे तर मंगळसूत्रही दिले. जेथे संस्थापकाच्या घरातून असा त्याग झाला, तेथे सेवकवर्गालाही काटकसरीचे व कष्टाचे धडे वेगळे द्यावे लागले नाहीत. ९ मे १९५९ रोजी कर्मवीर गेले. संस्था मात्र थांबली नाही. आज तिच्या सातशेहून अधिक शाखा आहेत. माणूस गेला तरी रीत राहिली आणि रस्ता ठरलेला होता, म्हणून हे घडले.

आपल्या समाजातील संस्थांकडे पाहिले तर मुंबईची अंजुमन-ए-इस्लाम आपल्यापुढे उभी राहते. न्यायमूर्ती बदरुद्दीन तय्यबजी, त्यांचे बंधू कमरुद्दीन तय्यबजी, नाखुदा मुहंमद अली रोगे इत्यादी मंडळींनी १८७४ साली ही संस्था स्थापन केली. तिची पहिली शाळा निघाली ती १८८० साली. आज बोरीबंदरासमोर जी तिची देखणी इमारत आपण पाहतो, तिचे उद्घाटन झाले ते १८९३ साली. म्हणजे संस्था व शाळा यांत सहा वर्षांचे अंतर आणि शाळा व इमारत यांत तेरा वर्षांचे. मुलींसाठी सैफ तय्यबजी हायस्कूल १९३६ साली निघाले. मुंबईसारख्या शहरात, धनिक व्यापारी पाठीशी असतानाही, त्या मंडळींनी वर्षांचा हिशेब असा धरला. मग आपण धाडसारख्या गावात एका वर्षात सर्व काही व्हावे असे म्हणणे रास्त होईल काय? घाई न करता पण न थांबता चालणे, हाच यातला धडा आहे.

आता एक कटू गोष्ट सांगतो. ती सर सय्यद अहमद खान यांच्या अलिगढच्या कॉलेजाची आहे. ती सांगण्यात त्यांच्याविषयीचा आदर तिळभरही कमी होत नाही. १८७५ साली शाळा व १८७७ साली कॉलेज उभे करून त्यांनी जे कार्य केले, त्याचे ऋण आपणा सर्वांवर आहे. परंतु थोर पुरुषाच्या संस्थेलाही रीतीची चूक महाग पडते, हे तेथे दिसून येते.

कॉलेजचे पैशाचे व्यवहार विश्वासावर चालत. सर सय्यद वृद्ध झाले होते, कामाचा डोंगर होता, आणि कार्यालयातल्या मुख्य कारकुनावर त्यांचा पूर्ण भरवसा होता. १८९५ साली उघडकीस आले की, त्या कारकुनाने खोट्या सह्यांच्या आधारे एक लाखाहून अधिक रुपये लांबविले आहेत. त्या काळचे एक लाख रुपये! गावोगाव हिंडून, लोकांपुढे हात पसरून जमविलेला तो पैसा होता. त्या धक्क्याने कॉलेजची पत गेली, विद्यार्थीसंख्या घटली, आणि २७ मार्च १८९८ रोजी सर सय्यद यांचा अंत झाला तेव्हा संस्था कर्जात होती. चोरी एका माणसाने केली हे खरे, पण ती इतकी वर्षे चालू शकली, कारण ‘दुसऱ्याने तपासायचे’ अशी रीतच तेथे घातली गेली नव्हती.

दुसरी गोष्ट वारसाची. १८८९ साली कॉलेजच्या विश्वस्तांचे नियम ठरले. आपल्यानंतर आपले चिरंजीव सय्यद महमूद यांनी सेक्रेटरी व्हावे अशी तजवीज सर सय्यद यांनी त्यात केली. सय्यद महमूद हे अलाहाबाद हायकोर्टाचे न्यायाधीश, मोठे कायदेपंडित. त्यांच्या विद्वत्तेबद्दल शंका नव्हतीच. परंतु प्रारंभापासून खांद्याला खांदा लावून राबलेले मौलवी समीउल्ला खान या प्रश्नावर दुरावले आणि कार्यकर्त्यांत फूट पडली. पुढे नवाब मोहसिन-उल-मुल्क यांनी १८९९ मध्ये सेक्रेटरीपद हाती घेतले, सर सय्यद यांच्या स्मारकनिधीसाठी अविश्रांत खटपट केली आणि कॉलेज सावरले. १९२० साली त्याचे विद्यापीठ झाले. शेवट गोड झाला, पण मधली काही वर्षे केवळ दोन प्रश्न वेळीच न सोडविल्याने खडतर गेली. पैसा कोण तपासणार आणि माझ्यानंतर कोण येणार, हे ते दोन प्रश्न.

याच्या शेजारी पुण्याचे उदाहरण ठेवून पाहा. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली व पुढच्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज निघाले. वीस वर्षे संस्थेची सेवा करीन अशी प्रतिज्ञा करून, बेताच्या वेतनावर काम करणारे आजीव सभासद ही संस्था चालवीत. आजीव सभासदांनी बाहेरची कामे करून मिळकत करावी की नाही, वेतन वाढवावे की नाही, यावरून मतभेद झाले आणि लोकमान्य टिळक १८९० साली बाहेर पडले. एवढा मोठा माणूस गेला! तरीही कॉलेज बंद पडले नाही. आगरकर, गोखले यांच्यासारखे सहकारी कामाला जुंपून होते. वाद होऊ नयेत असे कुणी म्हणणार नाही. चार शहाणी माणसे एकत्र आली की वाद व्हायचेच. पण वाद नियमाबद्दल होता, आणि संस्थेचा कारभार कुणा एकाच्या नावावर लिहिलेला नव्हता. त्यामुळे माणूस गेला तरी छप्पर कोसळले नाही.

कारभार एका हाती असू नये, ही गोष्ट आपल्या मातीला नवी नाही. ज्या जिल्ह्यात सिंदखेडराजाला जिजाबाईंचा जन्म झाला, त्या जिल्ह्यातल्या माणसांना तर ती ठाऊक असलीच पाहिजे. शिवाजी महाराजांच्या प्रत्येक किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी असत. किल्ल्याच्या चाव्या एकाकडे, हिशेब व कागद दुसऱ्याकडे, शिबंदी तिसऱ्याकडे. कुणा एकाच्या फितुरीने किल्ला जाऊ नये म्हणून ही व्यवस्था होती. यात कुणावर अविश्वास नव्हता. उलट प्रामाणिक माणसाला संशयापासून वाचविण्याचाच तो उपाय होता. आपल्या संस्थेतही अध्यक्ष, सेक्रेटरी व खजिनदार ही तीन पदे आहेत. ती तीन पदे म्हणजे तीन डोळे आहेत. तिन्ही कामे एकच माणूस करू लागला, मग तो कितीही नेक असो, की संस्थेला एकच डोळा उरतो. समाजाने दिलेला पैसा ही अमानत आहे, हे आपण नेहमी म्हणतो. अमानतीचा हिशेब मागणे हा अपमान मानू नये, आणि हिशेब देणे ही मेहेरबानी मानू नये.

मग आपण काय करावे? महाराष्ट्राचे थोर शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांचे नाव येथे घेतले पाहिजे. कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचा हा माणूस १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाचा सदस्य-सचिव होता. योजना केवळ दिल्लीत आणि मुंबईत होऊन भागणार नाही, प्रत्येक शाळेने स्वतःची योजना स्वतः केली पाहिजे, हा विचार त्यांनी आग्रहाने मांडला. त्यातला गाभा असा की, सरकारकडे मागण्यांची यादी पाठविणे म्हणजे योजना नव्हे. जे शिक्षक, ज्या खोल्या, जेवढा वेळ आज आपल्या हाती आहे, त्यातूनच अधिक चांगले काय करता येईल हे आधी ठरवावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखालील नियमांनीही शाळेचा विकास आराखडा तीन वर्षांचा असावा असे सांगितले आहे. हा विचार डोळ्यांपुढे ठेवून मी चार लहान सूचना आपल्यापुढे मांडतो. त्यांना फारसा पैसा लागत नाही.

पहिली सूचना, गळतीची वही. जे मूल शाळा सोडून गेले त्याचे नाव, इयत्ता, महिना आणि कारण एका वहीत लिहावे. कारण कार्यालयात बसून लिहू नये. घरी जाऊन, आईबापांशी बोलून लिहावे. आपल्या भागात सोयाबीनच्या सोंगणीला आणि कापसाच्या वेचणीला वर्गातले बाक रिकामे होतात, हे प्रत्येक शिक्षक पाहतो. पण कोणत्या महिन्यात किती, त्यांतली किती परत आली आणि किती आलीच नाहीत, हे वहीत असेल तरच त्यावर उपाय सुचतो. समजा, शेजारच्या खेड्यातल्या चार मुली सातवीनंतर थांबल्या आणि कारण असे निघाले की, शाळा सुटल्यावर परतीची एस.टी. फार उशिरा आहे. खेड्यातल्या मुलींना एस.टी.चा पास मोफत आहे, पण गाडीच वेळेवर नसेल तर पासचा काय उपयोग? तेव्हा उपाय नव्या इमारतीत नाही. आगारप्रमुखांना पालकांच्या सह्यांचे पत्र द्यायचे आणि तोवर शेवटचा तास मागेपुढे करायचा, एवढाच तो उपाय आहे. कारण न शोधता केलेला उपाय म्हणजे दुखणे पोटाचे आणि लेप कपाळाला.

दुसरी सूचना, तीन वर्षांचा एक कागद. योजना जाडजूड असण्याची गरज नाही. एका कागदावर मावेल इतकीच असावी. तीन वर्षांत काय करणार, पहिल्या वर्षी किती, जबाबदारी कुणाची आणि पैसा कुठून, एवढे त्यात लिहावे. आणि त्याच कागदाच्या मागच्या बाजूला, या तीन वर्षांत काय करणार नाही, हेही लिहावे. ही दुसरी बाजू लिहिणे फार कठीण असते. आपल्या सभांतून खोल्या वाढवा, नवा वर्ग काढा, इंग्रजी माध्यम सुरू करा, अशा मागण्या येतात. सर्वच चांगल्या आहेत. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? माझे स्पष्ट मत असे आहे की, येत्या तीन वर्षांत आपल्या संस्थेने एकच गोष्ट मनावर घ्यावी: सातवीपर्यंत आलेली एकही मुलगी दहावीपूर्वी शाळेतून जाता कामा नये. त्यासाठी बांधकाम एक वर्ष मागे पडले तरी चालेल. भिंत पुढच्या वर्षीही बांधता येते. चौदा वर्षांची मुलगी पुढच्या वर्षी पुन्हा चौदा वर्षांची होत नाही.

हे मत सर्वांना पटेल असे नाही, हे मी जाणतो. इमारत दिसते, तिच्यावर देणगीदाराचे नाव कोरता येते. शाळेत टिकून राहिलेल्या मुलीवर कुणाचे नाव कोरता येत नाही. आणि खोल्याच नसतील तर मुली बसणार कुठे, असा रास्त प्रश्नही कुणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, बसायला जागा कमी पडते असे गळतीच्या वहीत कारण निघाले तर खोली पहिली बांधावी. वहीने सांगावे आणि संस्थेने ऐकावे.

तिसरी सूचना, हिशेबाचा फलक. सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे हिशेब तपासून घेणे आपल्यावर बंधनकारक आहेच. पण तपासलेला हिशेब फाइलीत बंद राहतो. दर तीन महिन्यांनी जमा किती, खर्च किती आणि शिल्लक किती, एवढे तीन आकडे शाळेच्या फलकावर खडूने लिहावेत. लिहिणारा खजिनदार असावा आणि खाली सही दुसऱ्या कुणाची असावी. पाच रुपये देणारा मजूर आणि पाच हजार देणारा व्यापारी, दोघांनाही ते वाचता आले पाहिजेत.

चौथी सूचना, दुसरा माणूस. संस्थेतले प्रत्येक महत्त्वाचे काम येणारा निदान आणखी एक माणूस तयार असावा. सेक्रेटरी आजारी पडले तर पत्रव्यवहार कोण सांभाळील? पगारबिलाचे काम येणारे एकमेव लिपिक निवृत्त झाले तर? पंचविशीतल्या दोन-तीन माजी विद्यार्थ्यांना, त्यांत एखादी शिकलेली मुलगीही असावी, कार्यकारिणीच्या सभांना आजपासून बसू द्यावे. त्यांनी आधी ऐकावे, मग लिहावे, मग जबाबदारी घ्यावी. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांच्या आत त्याची नोंद धर्मादाय कार्यालयात द्यावी लागते. पुष्कळ ठिकाणी ही नोंद वादात सापडते, एका संस्थेच्या दोन कार्यकारिणी आणि दोन शिक्के होतात, आणि शाळेचे कागद त्या भांडणात अडकून पडतात. भांडतात मोठी माणसे, नुकसान होते वर्गातल्या मुलांचे. उत्तराधिकारी आधीच तयार असला तर निम्मी भांडणे जन्मालाच येत नाहीत.

कुणी म्हणेल, संविधानाच्या ३० व्या कलमाने आम्हा अल्पसंख्याकांना आमच्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. मग बाहेरच्यांनी आणि पालकांनी त्यात का बोलावे? हा हक्क मोलाचा आहे आणि तो जपलाच पाहिजे. परंतु १९५८ सालीच सर्वोच्च न्यायालयाने केरळ शिक्षण विधेयकाच्या प्रकरणात स्पष्ट केले होते की, कारभाराचा हक्क याचा अर्थ गैरकारभाराचा हक्क असा होत नाही. शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा अल्पसंख्याक संस्थांना लागू नाही असे ठरविले, आणि २०२५ साली त्या निर्णयाविषयी न्यायालयातच पुन्हा प्रश्न उपस्थित झाला. तो वाद न्यायालय सोडवील. पण पालकांना, विशेषतः मातांना, आपणहून सभेत बोलावण्यास आपल्याला कोणत्याही कायद्याने मनाई केलेली नाही. कायद्याने भाग पाडल्यावर केलेली गोष्ट ही सक्ती. आपणहून केलेली गोष्ट हीच रीत.

पालकांना माझी विनंती आहे. वर्षातून एकदा समारंभाला येऊन, खुर्चीवर बसून, टाळ्या वाजवून आपले कर्तव्य संपत नाही. वार्षिक सभेला या. तेथे तीनच प्रश्न विचारा: गेल्या वर्षी किती मुले शाळा सोडून गेली व का; तीन वर्षांच्या कागदावरचे या वर्षीचे काम झाले काय; आणि शिल्लक किती आहे. रागाने विचारू नका, शांतपणे विचारा, पण दरवर्षी विचारा. पहिल्या वर्षी लोक चमकतील, दुसऱ्या वर्षी उत्तरे तयार ठेवतील, आणि तिसऱ्या वर्षी न विचारताच सांगतील. रीत अशीच पडते. पण त्याचबरोबर आपल्याकडूनही एक गोष्ट झाली पाहिजे. वेचणीच्या दिवसांत मुलाला सुट्टीच्या दिवशी शेतात न्या, शाळेच्या दिवशी नको. शाळेला हिशेब विचारणाऱ्याने मुलाच्या हजेरीचा हिशेब द्यायला तयार असले पाहिजे.

माझ्या सहकारी शिक्षकांना मी काय सांगणार? मी त्यांच्यातलाच एक आहे. एवढेच म्हणतो की, संस्थेची रीत पदाधिकारी ठरवितात असे आपण म्हणतो, पण मुलांना ती दिसते ती आपल्या वागण्यात. रिकाम्या तासाला शेजारच्या वर्गात जाऊन बसणारा एक शिक्षक, शंभर ठरावांनी होत नाही एवढे काम करतो.

आणि विद्यार्थी मित्रांनो, हा विषय आपला नाही असे समजू नका. वर्गात नवीन आलेल्या मुलाला तुम्ही शेजारी जागा देता की नाही, ग्रंथालयातले पुस्तक पाने न फाडता परत करता की नाही, आठ दिवस न आलेल्या मित्राच्या घरी चौकशीला जाता की नाही, यातूनही शाळेची रीत घडते. अनेकदा शिक्षकांच्या आधी तुम्हालाच ठाऊक असते की, अमुक मुलगा आता शाळेत येणार नाही. ते आम्हाला येऊन सांगा. गळतीच्या वहीत नाव चढण्यापूर्वी जे नाव वाचविता येते, ते बहुधा मित्रच वाचवितो. उद्या तुम्ही शिकून बुलढाण्याला, संभाजीनगरला, पुण्याला जाल. तेथून परत आल्यावर या संस्थेचा एखादा हिशेब, एखादी वही, एखादा तास आपल्या अंगावर घ्या.

सज्जनहो, संस्था काढणे अवघड असते, पण ती आपल्यामागे चालत राहील अशी ठेवणे त्याहून अवघड. कालेच्या त्या लहानशा आरंभाला, मुंबईच्या त्या सहा वर्षांच्या वाटचालीला आणि अलिगढच्या त्या कडू अनुभवालाही आपण आपले गुरू मानू या. माझी विनंती आहे की, या वर्षीच्या वार्षिक सभेत वर सांगितलेल्या चार सूचनांपैकी निदान पहिली, म्हणजे गळतीची वही, ठराव करून सुरू करावी. वहीची किंमत थोडी आहे. तिच्यातली पाने कोरी राहावीत, हीच माझी दुआ आहे.